पीडब्ल्यूजेनचा पासवर्ड : काढणं सोपं, जपून नेणं महत्त्वाचं

तुम्ही विचारलंय की सर्व्हरसाठी टर्मिनलवरून रँडम पासवर्ड काढायला पीडब्ल्यूजेन हा प्रोग्रॅम टाकला तर नुसतं नाव लिहून एंटर मारल्यावर स्क्रीनभर पासवर्ड आले, त्यातला कुठला घ्यायचा, आणि ते शब्दासारखे वाचता येतात तर तोडायला सोपे नाहीत का. तर हो, सोपे आहेत. काही ऑप्शन दिला नाही की ते 8 अक्षरी आणि उच्चारता येतील असे पासवर्ड देतं, स्वर-व्यंजनं ठरावीक पद्धतीने बसवलेली, त्यामुळे शक्यता खूप कमी होतात. आणि स्क्रीन भरण्याचं कारण असं की मागे कोणी उभं असेल तर तुम्ही त्यातला नेमका कुठला उचलला हे त्याला कळू नये.

सर्व्हरसाठी मी एवढंच वापरतो: पीडब्ल्यूजेन, डॅश स्मॉल एस, मग 22, मग 1. एस म्हणजे पूर्ण रँडम, 22 लांबी, 1 म्हणजे एकच दे. एकच मागायचा, कारण दहा समोर आले की आपण 'बरा दिसणारा' निवडतो आणि निवड आपली झाली की ती रँडम राहत नाही. सर्व्हर जुना असेल तर पीडब्ल्यूजेनचं व्हर्जन बघून घ्या, 2.07 च्या आधीचं असेल तर स्क्रीनऐवजी स्क्रिप्टमध्ये किंवा पाइपमध्ये (एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला देताना) वापरल्यावर ते कमजोर पासवर्ड द्यायचं.

आता 22 च का. अक्षरं आणि आकडे मिळून 62 चिन्हं, म्हणजे एका जागेला साधारण 5.95 बिट (बिट म्हणजे अंदाज लावणं किती अवघड याचं माप, एक बिट वाढला की शक्यता दुप्पट), 22 जागांचे 131 बिट. डॅश वाय लावून ॲट, हॅश, डॉलर वगैरे घेतलं तर 94 चिन्हं होतात, एका जागेला 6.55 बिट, आणि 20 जागांचे पण 131 च होतात. म्हणजे दोनच अक्षरं वाढवली की विशेष चिन्हांची गरज उरत नाही! जिथे सिस्टीम अडूनच बसते की एक तरी चिन्ह हवंच, तिथेच वाय लावा.

हे मी एवढं जोर देऊन सांगतोय कारण एकदा भोगलंय. आधीच्या एका नोकरीत रात्री डेटाबेसचा पासवर्ड बदलला, नवीन पासवर्डमध्ये मध्येच एक हॅश होता, आणि तो तसाच कनेक्शनच्या यूआरएलमध्ये टाकला. यूआरएलमध्ये हॅश आला की तिथून पुढचा भाग वेगळा धरतात, त्यामुळे ॲपला होस्टचं नाव दिसलंच नाही, युजरनेमलाच ते होस्ट समजलं आणि कोलननंतरचा अर्धा पासवर्ड त्याने पोर्ट नंबर म्हणून वाचला. एरर आली 'पोर्ट चुकीचा आहे' आणि त्या एररमध्ये तो अर्धा पासवर्ड जसाच्या तसा छापलेला, आणि तो लॉग टीममधल्या सगळ्यांना दिसत होता. पासवर्ड उत्तम होता, पण तासाभरात परत बदलावा लागला. स्लॅश, कोलन, टक्का ही चिन्हं पण यूआरएलमध्ये असाच त्रास देतात, आणि बॅशमध्ये (टर्मिनलवरच्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) डबल कोट्सच्या आत डॉलर आला की पुढचं व्हेरिएबल म्हणून वाचलं जातं.

पीडब्ल्यूजेन नसेल आणि इन्स्टॉल करायची परवानगी नसेल तर ओपनएसएसएल हा एन्क्रिप्शनचा प्रोग्रॅम बहुतेक ठिकाणी असतोच. ओपनएसएसएल रँड, डॅश बेस64, 24 असं दिलं की 32 अक्षरं येतात, पण त्यात प्लस आणि स्लॅश येऊ शकतात, म्हणून मी डॅश हेक्स 16 घेतो, त्यात फक्त 0 ते 9 आणि ए ते एफ येतात, 128 बिट मिळतात आणि कुठेही चिकटवा, मोडत नाही.

स्वतःचं काही बनवायला मात्र जाऊ नका. तारीख-वेळेचा एमडी5 (मजकुरावरून काढलेला 32 अक्षरी ठसा) काढून पासवर्ड बनवणाऱ्या स्क्रिप्टा मी अजून बघतो. दिसायला 32 अक्षरं, पण दिवसात सेकंद 86,400, आणि पासवर्ड कुठल्या दिवशी बदलला एवढं कळलं की तेवढेच तपासायचे. बॅशमधलं रँडम व्हेरिएबल पण 0 ते 32,767 एवढंच देतं. आणि हा आकडा किती घातक ठरू शकतो ते डेबियन या लिनक्समध्ये झालेलं आहे, सप्टेंबर 2006 ते मे 2008 या काळात त्यांच्या ओपनएसएसएलमधल्या एका बदलामुळे सगळा रँडमपणा प्रोसेस आयडीवर (चालू प्रोग्रॅमला मिळणाऱ्या नंबरवर) येऊन ठेपला होता, म्हणजे एका प्रकारच्या आणि लांबीच्या कीसाठी 32,768 च शक्यता, आणि त्या काळात त्या मशीनवर बनलेल्या एसएसएच की (सर्व्हरमध्ये शिरायच्या डिजिटल किल्ल्या) नंतर लोकांना टाकून नव्या कराव्या लागल्या.

पासवर्ड कोणाला फोनवर सांगायचा असेल तर हिशेब बदलतो. नाशिकजवळच्या एका गोदामातल्या दादांना मी वायफायचा पासवर्ड सांगत होतो, मागे फोर्कलिफ्टचा आवाज, 'स्मॉल एल, नाही नाही, वन नाही, एल, लिंबातला एल', तिसऱ्यांदा पण चुकला. तेव्हापासून अशा ठिकाणी डॅश कॅपिटल बी लावतो, ते एल-वन, ओ-झिरो अशी सारखी दिसणारी अक्षरं काढून टाकतं. पण ते फक्त डोळ्यांसाठी, कानाला बी आणि डी सारखंच ऐकू येतं. म्हणून तोंडी सांगायचा असेल तर शब्दांचा पासफ्रेज घ्या. इएफएफ या डिजिटल हक्कांच्या संस्थेची 2016 ची यादी आहे, 7,776 सोपे इंग्रजी शब्द, एका शब्दाचे 12.9 बिट, सहा शब्दांचे 77. यादीतून रँडम ओळी निवडणारी शफ ही कमांड, डॅश एन 6 आणि यादीची फाइल, झालं, सोबत रँडम सोर्स म्हणून डेव्ह यूरँडम (सिस्टीमचा स्वतःचा रँडम स्रोत) द्या. शब्द मनाने निवडायचे नाहीत, आवडत्या अभंगाची ओळ पण नको, ती दुसऱ्यालाही पाठ असते. मराठी शब्दांची यादी करायला हरकत नाही, गणित तेच, फक्त 'पाऊस' हा शब्द रोमनमध्ये प्रत्येकजण वेगळा लिहितो, तर समोरच्याकडे तीच यादी हवी.

आता जिथे खरी गळती होते ते. पीडब्ल्यूजेनचं आउटपुट हिस्टरीत (टाइप केलेल्या कमांडच्या नोंदीत) जात नाही, कमांड जाते. पण तोच पासवर्ड तुम्ही पुढच्या कमांडमध्ये टाइप केला की तो बॅशच्या हिस्टरी फाइलमध्ये जाऊन बसतो आणि कमांड चालू असेपर्यंत पीएसमध्ये (चालू प्रोग्रॅमच्या यादीत) इतरांनाही दिसू शकतो. उबुंटूवर कमांडच्या आधी एक स्पेस दिली की ती हिस्टरीत जात नाही, बाकी ठिकाणी बॅशच्या हिस्टकंट्रोल या सेटिंगला इग्नोरस्पेस सेट करा, पण पीएसवर त्याचा काही उपाय नाही, म्हणून शक्य तिथे प्रोग्रॅमलाच पासवर्ड विचारू द्या. फाइलमध्ये टाकायचा असेल तर आधी यूमास्क 077 करा (म्हणजे नवीन फाइल फक्त तुम्हालाच उघडता येईल), मग फाइल बनवा, कारण आधी फाइल बनवून नंतर परवानगी बदलली तर मधल्या क्षणात ती उघडीच असते. आणि फाइलच्या शेवटी न्यूलाइन (ओळ संपल्याचं न दिसणारं चिन्ह) राहते, काही ॲप ती पासवर्डचाच भाग समजतात, मग डोळ्यांना पासवर्ड तंतोतंत दिसतो आणि लॉगिन होत नाही. टीआर या कमांडने न्यूलाइन उडवून द्या.

रोजच्या वापराला मला पास हा प्रोग्रॅम सगळ्यात बरा वाटतो, पास जनरेट, डॅश सी, नाव, 22, की तो पासवर्ड जीपीजी या एन्क्रिप्शन प्रोग्रॅमने एन्क्रिप्ट करून ठेवतो, थेट क्लिपबोर्डवर देतो आणि 45 सेकंदांनी क्लिपबोर्ड साफ करतो, पासवर्ड स्क्रीनवर येतच नाही.

आणि पासवर्ड बदलल्यावर चालू सेशन लगेच बंद करू नका. दुसरं टर्मिनल उघडा, नवीन पासवर्डने आत जाऊन बघा, कीबोर्ड मराठी लेआउटवर राहिलेला नाही ना ते पण बघा कारण टाइप करताना तर काहीच दिसत नाही, आणि आत गेलात की मग पहिलं बंद करा.