घटना अक्कलकोटची, मुलगी सोलापुरात. बलात्काराची तक्रार इथे घेतील का?

हो, घ्यावीच लागते. शहराचं आयुक्तालय वेगळं, अक्कलकोट ग्रामीण पोलिसांकडे. तरी 'आमची हद्द नाही' म्हणून परत पाठवता येत नाही. शून्य क्रमांकाने ('झिरो एफआयआर') गुन्हा नोंदवून कागद तिकडे पाठवतात. नोंदवायला नकार देणं हाच गुन्हा आहे.

जबाब महिला अधिकारीच घेते. सही करण्याआधी तो शब्दन् शब्द वाचा. मी एका ताईसोबत गेले होते, तेव्हा 'जबरदस्तीने' हा शब्दच सुटला होता. थांबवून लिहून घेतला. एफआयआरची प्रत मोफत मिळते.

कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. सिव्हिलमध्ये तपासणी तिच्या संमतीनेच, उपचार मोफत. तिचं नाव छापणं कायद्याने बंद. आर्थिक मदतीसाठी राज्य सरकारची 'मनोधैर्य' योजना आहे. आत्ता धोका असेल तर आधी 112 लावा.