दुर्मीळ मापाची छोटी रेल्वे: साडेतीन लाख घालू का?

नागपूरच्या मानेवाड्याहून एक वाचक विचारतात: वय ४४, घरखर्च महिना ४५ हजार, मुलगी दहावीत. चार लाखांची एफडी या महिन्यात सुटते आहे. त्यातले साडेतीन लाख घालून इतवारी–नागभीड नॅरो गेजचं मॉडेल १:६४ मापात (खऱ्याच्या चौसष्टाव्या भागाएवढं) करायचं आहे. इंजिनं आणि डबे परदेशातून बनवून घ्यायचे. माप दुर्मीळ आहे, म्हणजे पुढे किंमत वाढेलच ना?

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. उमरेड-भिवापूरची ती गाडी माझ्याही मामाच्या गावाची; २०१९ च्या नोव्हेंबरात ती बंद झाली तेव्हा घरातलंच कोणी गेल्यासारखं वाटलं होतं.

माप तुम्ही अचूक निवडलंय. आपला नॅरो गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ७६२ मिलिमीटर. टीटी (१:१२० चं छोट्या रेल्वेचं एक माप) याचा १२ मिलिमीटरचा रूळ ६४ पट केला की ७६८ येतात, म्हणजे खऱ्याच्या अगदी जवळ. १:४८ ला १६.५ चा रूळ लावतात, त्याचे ७९२ होतात. १:८७ ला ९ चा, त्याचे ७८३. शिवाय तीस फुटी डबा तुमच्या मापात १४ सेंटीमीटरचा होतो, १:४८ मध्ये १९. फ्लॅटच्या एका भिंतीत हा फरक मोठा.

पण किंमत वाढेल हे मला पटत नाही. १:४८ मध्ये परदेशात तयार माल निघतो, म्हणून जुन्यालाही गिऱ्हाईक असतं. तुमचं इंजिन घ्यायला तेच माप आणि तोच रूळ असलेला माणूस लागेल. हे पैसे खर्चात धरा, गुंतवणुकीत नको. त्यात पार्सल खेळणी म्हणून धरलं गेलं तर? २०२३ च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची आयात ड्युटी ६० वरून ७० टक्के झाली, वर सरचार्ज आणि जीएसटी. ऑर्डरआधी आजचा दर कस्टम्स एजंटला विचारा.

आता एफडी. सहा महिन्यांचा घरखर्च २ लाख ७० हजार, तो बँकेतच राहू द्या. मुलीच्या अकरावीसाठी ५० हजार बाजूला. उरतात ८० हजार, ते मात्र बिनधास्त रेल्वेला द्या. पुढे दरमहा तीन हजारांची आरडी लावा.

या मापात तयार माल जवळजवळ नाही, आणि हीच तुमच्या खिशाला सोयीची गोष्ट आहे. नागपुरातल्याच मोतीबागच्या नॅरो गेज संग्रहालयात परवानगी घेऊन टेपने मापं घ्या, डबे प्लॅस्टिक शीट कापून घरी करा. इंजिनासाठी टीटीची एकच चालती चासी (मोटर आणि चाकांचा सांगाडा) मागवा, वरचं धूड स्वतः चढवा. टीटीच्या तयार रुळाचे स्लीपर (रुळाखालच्या आडव्या पट्ट्या) १:१२० चे, तुमच्या गाडीखाली फार बारीक दिसतील. ते स्वतः घाला. कूलरच्या खोलीत मात्र प्लाय मांडू नका, दमट हवेने फुगतो आणि रूळ वाकतात.

पहिला डबा वळणावरून न घसरता फिरेपर्यंत परदेशी कारागिराला आगाऊ रक्कम पाठवू नका.