नववीच्या मुलांना जगातील धर्मांची ओळख करून द्यायची, तर सुरुवात कुठून करावी?

तुमच्या हातात मोजक्या तासिका आहेत, वर्ग नववीचा आहे आणि पालक हरकत घेतील अशी धास्ती आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी याच वयाच्या मुलांना हा विषय शिकवते. पहिला सल्ला एवढाच, की धर्म, संस्थापक, ग्रंथ, प्रार्थनास्थळ, चिन्ह असे रकाने पाडलेला तक्ता फळ्यावर काढू नका.

मुलं तो तक्ता पटकन पाठ करतात, पण त्याचे रकानेच काही धर्मांच्या मापाने शिवलेले असतात. हिंदू धर्माला किंवा जपानच्या शिंतोला संस्थापकच नाही. 'ग्रंथ' या रकान्यात बायबल, कुराण आणि गुरू ग्रंथ साहिब शेजारीशेजारी बसतात, पण शिखांसाठी गुरू ग्रंथ साहिब हे साक्षात गुरू आहेत, मुसलमानांसाठी कुराण ही अल्लाहची वाणी आहे आणि ख्रिस्ती श्रद्धेत देवाचा 'शब्द' म्हणून जे स्थान आहे ते मुळात येशूचं आहे. हे फरक तक्ता गिळून टाकतो, आणि शिकवण्यासारखं तर तेच असतं.

मी कॅलेंडरपासून सुरुवात करते. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे का सरकतो, हा प्रश्न टाकून गप्प बसायचं. बारा चांद्रमासांचं वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून सुमारे ३३ वर्षांत रमजान सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो, हे मुलं आकडेमोड करून स्वतःच काढतात. ज्यूंचे महिनेही चंद्रावरच चालतात, पण वल्हांडण सण वसंतातच यायला हवा, म्हणून ते १९ वर्षांत ७ अधिक महिने घालतात. हिंदू पंचांगातला अधिक मास जवळपास हेच करतो. मग इस्लाममध्ये अधिक महिना का नाही? कारण पवित्र महिने मागेपुढे करण्याची प्रथा कुराणाच्या नवव्या सूरेत (अध्यायात) निषिद्ध ठरवली आहे. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान हलतो, तर बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्च जुन्या ज्युलियन कॅलेंडरवरून हिशेब करत असल्याने त्यांचा ईस्टर बहुधा नंतर येतो. २०२५ मध्ये दोन्ही २० एप्रिललाच आले. एकाच तासात चंद्र, शेतीचे ऋतू, धर्मग्रंथाचा आदेश आणि एकाच धर्मातले पंथभेद येऊन जातात. कुणाच्याही श्रद्धेला धक्का न लागता! (गणिताच्या शिक्षकांना सोबत घेतलंत तर आणखी मजा येते.)

दुसऱ्या तासाला श्रीलंकेतलं श्रीपाद शिखर घ्या. माथ्यावर पावलाच्या आकाराचा एक ठसा आहे. बौद्ध तो बुद्धाचा मानतात, हिंदू शिवाचा, मुसलमान आदमचा, तर ख्रिस्ती लोकांपैकी काही आदमचा आणि काही संत थॉमसचा. यावर मुलांनी चार वाक्यं लिहायची, अट एकच: कोण मानतं, हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरं करायचं नाही. ही सवय लागली की अर्धं काम झालं. मग अवघड उदाहरण द्या. 'येशू मरणातून उठला' हे ख्रिस्ती श्रद्धेचं विधान. 'रोमन सुभेदार पिलाताच्या काळात येशूला क्रूसावर चढवलं' हे बहुतेक इतिहासकारांना मान्य असलेलं विधान. पण मुख्य प्रवाहातले मुस्लिम विद्वान कुराणाच्या आधारे म्हणतात, की येशूला क्रूसावर मारलंच नाही. इथे वर्ग चांगलाच तापतो. तापू द्या, फक्त कोणतं विधान कोणाचं आणि कशाच्या आधारावर, याची शिस्त सोडू देऊ नका.

'सगळे धर्म शेवटी एकच सांगतात' हे वाक्य मात्र मी वर्गात वापरत नाही. हेतू चांगला असला, तरी ते वाक्य स्वतःच एक धार्मिक दावा आहे आणि अनेक श्रद्धाळूंना तो मान्य नसतो. शिवाय बौद्ध आणि जैन परंपरेत सृष्टिकर्ता ईश्वर नाही, चार्वाकांनी तर परलोकच नाकारला. त्यांना त्या 'एकच'मध्ये कोंबायचं कसं? श्रद्धा न मानणाऱ्यांनाही अभ्यासक्रमात जागा हवी, कारण वर्गातही तशी मुलं असतात.

एखाद्या विद्यार्थिनीला उभं करून 'तुमच्यात काय करतात ते सांग' असं कधीही विचारू नका. ती एका घरातली मुलगी आहे, तिच्या धर्माची प्रवक्ती नव्हे. आपणहून बोलली तर उत्तम. विधींची नक्कलही वर्गात नको. छायाचित्रं, ध्वनिफिती, माहीतगार पाहुणे पुरतात.

पालकांना मी तात्त्विक व्याख्यान देत नाही, सरळ स्वाध्यायाचा कागद दाखवते. तरी शंका उरलीच, तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९६३ चा निकाल सांगते. सरकारी शाळांमधलं उपासनेचं बायबलवाचन न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं, पण शिक्षणाचा भाग म्हणून धर्मांचा तटस्थ अभ्यास करायला हरकत नाही, असंही त्याच निकालात म्हटलं. उपासना शिकवणं आणि उपासनेविषयी शिकवणं यांतला फरक बहुतेक पालकांना लगेच पटतो. ज्यांना पटत नाही, त्यांना एका तासाला मागच्या बाकावर बसायला बोलवा.

तासिका कमी असतील तर सात-आठ धर्म उरकण्यापेक्षा तीनच घ्या, पण प्रत्येकातले निदान दोन पंथ दाखवा. परीक्षेत 'तुम्हाला कोणता धर्म आवडला?' असलं काही विचारू नका. मी एक अनोळखी छायाचित्र देते आणि तीन गोष्टी विचारते: यात काय दिसतं, तुम्ही काय गृहीत धरताय, आणि खात्री करायला कोणाला काय विचाराल?