भिशीचा डबा आणि वीस तारीख

"धंदा जोरात आहे मॅडम, पण पैसा कुठं जातो तेच कळत नाही." मी समुपदेशक, आणि लघुउद्योजकांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की समोरचा 'धंदा जोरात' म्हणाला की पुढचं मला पाठ असतं. म्हणून हा एक अनुभव. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

भोसरीत पत्र्याचे पॅनल बॉक्स बनवणारे गृहस्थ. बायकोच त्यांना घेऊन आली. तक्रार झोपेची: महिन्याची पंधरा तारीख उलटली की झोप उडते, चिडचिड सुरू. मोबाईल टेबलावर पालथा ठेवलेला. तो थरथरला की ते बघायचे नाहीत, पण बोलणं मध्येच तुटायचं.

"कोणाचा फोन?"

"अकाउंटंटचा. वीस तारीख आली ना."

वीस तारीख म्हणजे जीएसटी भरायची. उशीर झाला की वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज, शिवाय विलंब शुल्क. ते दर वेळी कुणाकडून तरी हातउसने घेऊन भरत होते. पहिल्या भेटींत मी आकड्यांना हात लावला नाही. घाबरलेला माणूस हिशेबात चुकतो कमी, हिशेब टाळतो जास्त, असं माझं मत आहे. "मला व्यवहारच जमत नाही," हे त्यांनी स्वतःबद्दल पक्कं करून टाकलं होतं.

चौथ्या भेटीत विचारलं, "पार्टीचे पैसे आले की आधी काय करता?"

"पगार, पत्र्याचं बिल, घराचा हप्ता. जिथं आग लागलीय तिथं."

"त्यातले जीएसटीचे?"

"ते वीस तारखेला बघायचं."

त्यांची बायको, म्हणजे ताई, भिशी चालवतात हे मला आधीच्या गप्पांतून माहीत होतं. त्यांच्याकडे वळले. "भिशीचे पैसे कुठं ठेवता?"

"कपाटात, स्टीलच्या डब्यात."

"घरात अडचण आली तर त्यातून घेता?"

उत्तर नवऱ्यानं दिलं, जरा रागावूनच. "बायकांचे पैसे आहेत ते! त्याला हात कसा लावायचा?"

आणि ते थांबले. मीही बोलले नाही. (आपण गप्प बसणं, या कामातलं सगळ्यात अवघड तेच.) बऱ्याच वेळानं म्हणाले, "म्हणजे माझ्या खात्यातपण दुसऱ्याचा डबा आहे."

इतक्या वर्षांत माझ्या खोलीत इतकं नेमकं वाक्य क्वचितच कुणी बोललं असेल. व्यवहार न जमणाऱ्या माणसाला दुसऱ्याचा पैसा जपता येत होता. चालू खात्यात तो दुसऱ्याचा दिसत नव्हता, एवढंच.

मग डबे पाडायला बसलो. एक लाखाच्या बिलावर १८,००० जीएसटी, त्यासाठी घेतलेल्या ६०,००० च्या पत्र्यावर भरलेले १०,८०० वजा, उरले ७,२००. हे सरकारचे. पार्टीचे पैसे आले की त्याच दिवशी वेगळ्या बचत खात्यात टाकायचे. घरासाठी महिन्याची उचल ठरलेली, एकच आकडा, एकच तारीख. तिसरा डबा आयकराचा: वर्षाचा कर १०,००० च्या वर जाणार असेल तर तो आगाऊ भरावा लागतो, जून ते मार्च चार हप्त्यांत, अंदाजित नफ्याची (विक्रीच्या ठरावीक टक्के नफा धरून कर भरायची) योजना घेतलेल्याला १५ मार्चपर्यंत एकदम. तुमचं कशात बसतं ते तुमच्या सीएंना विचारा, मी सीए नाही.

एक गाठ मात्र डब्यांनी सुटत नाही. पार्टी पैसे देवो न देवो, बिल फाडलं की जीएसटी देणं आलंच. यांची एक पार्टी नव्वद दिवस लावायची. 'मागितलं तर काम जाईल' ही धास्ती. यांच्याकडे उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) होती, पण बिलावर तिचा नंबरच नव्हता. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत चुकली तर माल घेणाऱ्याला तो खर्च आयकरात त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. त्यामुळे मार्च जवळ आला की पार्टीच्याच अकाउंट्स विभागाला हा नंबर टोचतो. भांडायला नको, नंबर आणि देय तारीख बिलावर छापायची. पार्टीला हे कसं सांगायचं याचा सराव आम्ही दोनदा केला. पहिल्यांदा त्यांनी "सॉरी सर"नंच सुरुवात केली.

गेल्या महिन्यात ताईंचा फोन आला. चलन अठरा तारखेलाच भरलं म्हणाल्या. नव्वद दिवसवाली पार्टी साठवर आलीय. अजून पंधरा दिवस खाली आणायचेत, त्यासाठी पुढच्या बुधवारी बसतोय.