पुरणपोळी आणि खलनायक

प्रश्न असा आला आहे: 'अँटी-हीरोला मराठीत प्रतिनायक म्हणतात ना? मग मालिकेतल्या कारस्थानी काकूला खलनायिका म्हणायचं की प्रतिनायिका? आणि तिचा मोटिव्ह पटत नाही, हे मराठीत नेमकं कसं सांगावं?'

अँटी-हीरोला, म्हणजे गुण खलाचे असूनही गोष्ट ज्याच्याभोवती फिरते त्याला, प्रतिनायक म्हणत नाहीत. अलीकडे म्हणू लागलेत, आणि वेब मालिकांच्या दर दुसऱ्या परीक्षणात ते वाचावं लागतं. 'अँटी' दिसला की 'प्रति' चिकटवायचा, एवढीच त्यामागची विद्वत्ता.

'नायक' म्हणजे काय, हे उगाळत नाही. नी म्हणजे नेणे. कथा नेतो तो नायक. चांगुलपणाचा त्यात संबंध नाही. गंमत पुढे आहे. 'खलनायक' या शब्दाचा समास सोडवून पाहा. एक तर 'खल असा नायक', नाही तर सेनानायकासारखा 'खलांचा नायक'. 'नायकाला छळणारा खल' हा अर्थ यातून कोणत्याही खटपटीनं निघत नाही. काही पंडित मध्यमपदलोपी, म्हणजे मधलं पद गळालेल्या, समासाच्या आडोशाला जातात. जाऊ द्या. पुरणपोळी मध्यमपदलोपीच आहे, म्हणून ती पुरण होत नाही, पोळीच राहते. मावसभाऊ हा भाऊच असतो. तत्पुरुषात वजन शेवटच्या पदाला, या हिशेबानं खलनायक हा नायकच. म्हणजे ज्याला तुम्ही अँटी-हीरो म्हणता, त्याच्यासाठी नेमका शब्द आपल्याकडे तयार आहे आणि तो आपण भलत्याच माणसाला देऊन बसलो आहोत.

1993 साल घ्या. 'बाजीगर'मध्ये शाहरुख खान प्रेयसीला इमारतीवरून ढकलून देतो, तरी त्याला फिल्मफेअर मिळालं ते सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं. त्याच वर्षीच्या 'डर'साठी त्याचं नामांकन मात्र खलभूमिकेच्या गटात होतं. दोन्हीकडे तो माणसांच्या जिवावर उठतो. फरक कृत्यात नाही, जागेत आहे. 'बाजीगर'ची गोष्ट त्याच्या सूडानं चालते, त्याला काढला तर चित्रपटच उरत नाही: हा खलनायक. 'डर'मध्ये तो दुसऱ्याच्या संसारात शिरलेला आहे: हा खलपुरुष. हा शब्द मराठी नाट्यसमीक्षेत चांगला रुळलेला होता. 'खलनायक' रुबाबदार वाटला म्हणून तो अडगळीत गेला. 'खलनायक' नावाचा चित्रपटही 1993चाच, आणि त्यात बल्लू केंद्रस्थानी असल्यामुळे ते नाव व्याकरणाला धरून आहे. बारसं करणाऱ्यांनी समास सोडवला असेल असं मात्र वाटत नाही.

आता 'प्रति'. नेताजी पालकरांना प्रतिशिवाजी म्हणत, ते शिवाजीविरोधी होते म्हणून नव्हे. साताऱ्याचं प्रतिसरकार इंग्रजांच्या विरोधात होतं खरं, पण ते स्वतः एक सरकार होतं. त्याचे निवाडे होते, शिक्षा होत्या. प्रतिवादी, प्रतिमल्ल, प्रतिस्पर्धी, सगळीकडे हा 'प्रति' समोर उभ्या असलेल्या तोलामोलाच्या माणसाचा आहे. प्रतिजैविकातला 'प्रति' मारक आहे, मान्य. पण ती औषधशास्त्रानं पाडलेली नवी नाणी आहेत, त्यांवरून नाट्यशास्त्राचे हिशेब करू नयेत. दहाव्या शतकात माळव्यात धनंजयानं 'दशरूपक' हा नाट्यशास्त्राचा ग्रंथ लिहिला, त्यात प्रतिनायकाची व्याख्या सरळ दिली आहे: 'लुब्धो धीरोद्धतः स्तब्धः पापकृद् व्यसनी रिपुः'. म्हणजे लोभी, धीरोद्धत (धीट पण उद्धट), ताठर, पाप करणारा, व्यसनी असा शत्रू. शेवटचा शब्द पाहा, रिपु. रामाला रावण, युधिष्ठिराला दुर्योधन. आणि 'धीरोद्धत' हा तर नायकाच्याच चार प्रकारांपैकी एक. म्हणजे प्रतिनायक हाही नायकाच्याच मापाचा, फक्त पलीकडच्या बाजूचा.

तिथला 'पापकृत्' मला मात्र जाचतो, आणि इथे धनंजयाशीही भांडायला हरकत नाही. 'मुद्राराक्षस' नाटकातला नंदांचा मंत्री राक्षस त्यांच्याशी अखेरपर्यंत इमान राखतो आणि शेवटी मित्राचा जीव वाचवण्यासाठी चंद्रगुप्ताचं मंत्रिपद पत्करतो. कपट सगळं चाणक्याच्या बाजूला जास्त. तरी चाणक्यासमोर तोलानं उभा राहतो तो राक्षसच. याउलट 'मृच्छकटिक' नाटकातला शकार: नायिका वसंतसेनेचा गळा आवळतो आणि आळ नायक चारुदत्तावर घालतो. तो खल खरा, पण त्याला प्रतिनायक म्हणायला जीभ रेटत नाही.

ओळखायचं कसं? सोपी कसोटी आहे. विरोधकाच्या बाजूनं गोष्ट पाच वाक्यांत लिहून काढा. ती स्वतःच्या पायावर उभी राहिली, तर प्रतिनायक. पाचही वाक्यांत नायकाचं वाटोळं करण्यापलीकडे क्रियापदच सापडलं नाही, तर नुसता खल.

आणि 'खल' हा शब्द तर मेजवानी आहे. तो खलबतातून आलेला नाही. खलबत हा अरबी 'खल्वत', म्हणजे एकांत. 'चर्चेचा खल'ही वेगळा, तो खलबत्त्यातला. दुर्जन या अर्थाच्या खलाला अमरसिंहाच्या अमरकोशानं, म्हणजे संस्कृत समानार्थी शब्दांच्या कोशानं, कुठे बसवलंय पाहा: 'कर्णेजपः सूचकः स्यात्पिशुनो दुर्जनः खलः'. कर्णेजप म्हणजे कानाशी पुटपुटणारा. अलुक् समास आहे, 'कर्णे'ची सप्तमी तशीच शाबूत, युधिष्ठिरातल्या 'युधि'सारखी. सूचक म्हणजे चुगलखोर, पिशुनही तोच. खलाचे सोबती हे असे! पिस्तूलवाला डॉन या ओळीत कुठेच नाही. आहे ती कान भरणारी जमात. दार किंचित लोटून, पदर सावरत, 'मला काय करायचंय म्हणा, पण तुमच्या कानावर असावं' असं म्हणणारी.

माझा एक लाडका तर्कही ऐकून घ्या. 'खल' म्हणजे मळणीची जागाही. आपलं खळं त्यातूनच आलं. इंग्रजी व्हिलनही शेतावरचाच: लॅटिन 'व्हिला' म्हणजे शेतवाडी, तिथे राबणारा तो 'व्हिलानुस', आणि उमरावांच्या तिरस्कारानं त्याचा पुढे दुष्ट झाला. मग धान्य उचलल्यावर खळ्यात उरलेलं भूस तो आपला खल, असं का नसावं? अभ्यासक हे दोन 'खल' वेगळे धरतात, आणि काही जण दुष्ट खलाचं नातं कन्नड 'कळ्ळ', म्हणजे चोर, याच्याशी जोडतात. त्यांची बाजू बळकट आहे. तरी खळ्यातून पाय निघत नाही, त्याला इलाज नाही.

तर काकू. ती कानाशी लागते म्हणजे अमरसिंहाच्या ओळीत शोभणारी खल आहे. मालिका तिच्या डोक्यानं चालत नाही म्हणून नायिका नाही. खलस्त्री म्हणा. प्रतिनायिका होण्याइतका तोल तिला लेखकानं दिलेलाच नाही, आणि देणं अवघडही असतं. रोजच्या मालिकेला शेवट नसतो. कट दर आठवड्याला फसला पाहिजे, पण कट करणारी सापडता कामा नये. सोमवारी दुधात पूड पडते, शुक्रवारी ते दूध मांजर पितं, पुढच्या सोमवारी दागिना हरवतो. इस्टेटीसाठी चाललेला कट तीनशेव्या भागात कशासाठी चाललाय, हे काकूलाही सांगता येणार नाही.

मोटिव्हसाठी दोन शब्द आहेत आणि ते अदलून-बदलून वापरू नयेत. उद्देशात दिश् आहे, दाखवणे. तो पुढे असतो. हेतूत हि हा धातू आहे, पुढे ढकलणे. तो मागून रेटतो. घर आपल्या नावावर व्हावं हा काकूचा उद्देश. ते का व्हावं, कुठला जुना अपमान तिला टोचतोय, तो हेतू. लोक दोन्हीला 'हेतू' म्हणतात आणि मग 'हेतू तर स्पष्ट आहे की' असं उत्तर ऐकून घेतात. तुम्ही लिहा: 'काकूचा उद्देश पहिल्या भागातच कळला, हेतू तीनशे भागांत कळला नाही.'