दोन महिन्यांत बरं वाटलं, तरी टीबीच्या गोळ्या सहा महिने का?

तुमच्या धाकट्या भावाचा खोकला गेला, वजन वाढलं, बेडक्याचा रिपोर्टही निगेटिव्ह आला आणि आता तो म्हणतोय, 'बस झाल्या गोळ्या.' उरलेले चार महिने खरंच लागतात का, असं तुम्ही विचारलंय. लागतात. मी डॉक्टर नाही, पण फुप्फुसाच्या टीबीचा पूर्ण कोर्स केलाय, आणि तिसऱ्या महिन्यात माझ्याही डोक्यात हेच आलं होतं.

हा जंतू फार संथ आहे. पोटातला ई-कोलाय चांगल्या परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, टीबीच्या जंतूला त्यासाठी वीसेक तास लागतात. त्यात त्याचं कवच मेणासारखं जाड. आपल्या भक्षक पेशी त्याला गिळतात, पण पेशीच्या आत ज्या पाचकरसानं तो मरायला हवा, तो रस स्वतःपर्यंत पोचूच नये अशी व्यवस्था हा जंतू करतो. मारता येत नाही म्हटल्यावर शरीर त्याच्याभोवती पेशींची गाठ बांधून त्याला कोंडतं. बहुतेकांच्या बाबतीत एवढं पुरतं. संसर्ग झालेल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो.

पण या कोंडवाड्यात काही जंतू जवळजवळ झोपून राहतात, आणि औषधांचा मारा मुख्यतः वाढणाऱ्या जंतूंवर चालतो. पहिल्या दोन महिन्यांत चार औषधांनी हे वाढणारे जंतू झपाट्यानं मरतात, म्हणून ताप जातो, भूक लागते. रिपोर्ट निगेटिव्ह याचा अर्थ बेडक्यात जंतू दिसले नाहीत, एवढाच. पुढचे चार महिने त्या झोपलेल्यांसाठी असतात. ते मधूनच थोडे जागे होतात, तेव्हा रक्तात त्या चारांपैकी रिफॅम्पिसिन हे औषध हजर असावं लागतं. (हे औषध येण्याआधी लोक दीड-दीड वर्षं उपचार घ्यायचे.)

मला जास्त भीती अर्धवट उपचारांची वाटते. लाखो जंतूंमागे एखादा मुळातच एका औषधाला दाद न देणारा असतो. ब्रिटनमध्ये एकट्या स्ट्रेप्टोमायसिन या औषधाची टीबीवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९४८ साली आले. रुग्ण आधी छान सुधारले, मग बऱ्याच जणांच्या जंतूंवर औषध चालेनासं झालं. म्हणूनच औषधं एकत्र देतात. गोळ्या कधी घेतल्या, कधी सोडल्या, तर असे चिवट जंतूच मागे उरून वाढू शकतात, आणि मग उपचार बरेच अवघड होतात.

भावाशी वाद घालण्याआधी त्याला गोळ्या नको का वाटतात, ते विचारा. मला सकाळी मळमळायचं आणि केशरी लघवी बघून धास्ती वाटायची. ती केशरी लघवी रिफॅम्पिसिनमुळे होते, त्यात काही धोका नाही, हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी आठवडाभर गोळ्या चुकवल्या. आशाताई (आरोग्य खात्याच्या आशा कार्यकर्त्या) घरी आल्या, रागावल्या नाहीत, शेजारी बसून नीट ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. गोळ्यांची वेळ बदलली, मळमळ कमी झाली.

डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात किंवा नजर अंधुक झाली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आणि भावाची निक्षयवर, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, नोंद आहे ना, बघा. पोषणासाठी सरकारकडून महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. त्यातून अंडी, डाळ, शेंगदाणे आणा.