चर्चमध्ये गाणं सुरू झालं की मी उठून बाहेर येते

प्रश्न : ताई, प्रभूमध्ये सलाम. मी संगमनेर भागातली, वय 46. आठ महिन्यांपूर्वी माझे मिस्टर गेले. दीड वर्ष डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून दोनदा, पहाटेच्या एसटीने जायचं आणि अंधार पडल्यावर परत यायचं. त्या काळात मी किती प्रार्थना केली, किती उपास केले, मंडळीनेसुद्धा साखळी प्रार्थना केली, तरी ते गेले. भेटायला येणारे सांगतात रडू नका, ते प्रभूजवळ आहेत. एक जण तर म्हणाले की विश्वास कुठंतरी कमी पडला असेल. मुलगी बारावीला आहे म्हणून मी तिच्यासमोर रडत नाही. रविवारी उपासनेला जाते पण गाणं सुरू झालं की उठून बाहेर येते, कारण तबल्यावर मिस्टर बसायचे. घरी प्रार्थनेला बसले तर शब्द फुटत नाहीत, उलट देवाचा राग येतो. हे पाप आहे का? आणि सगळे जी शांती शांती म्हणतात ती मला कधी मिळणार?
– एक भगिनी

उत्तर : सलाम ताई. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तबल्याच्या ओळीवर तीनही वेळा थांबले. चर्चमधून उठून बाहेर येता याचं अजिबात वाईट वाटून घेऊ नका. चर्चपर्यंत जाताय ना, तेच आत्ता खूप आहे. पुढच्या वेळी दाराजवळच्या बाकावर बसा म्हणजे सगळ्यांसमोरून जायला नको, आणि बाहेर आल्यावर तुमच्याजवळ नुसतं उभं राहील अशी एखादी मैत्रीण आधीच सांगून ठेवा.

आता त्या "विश्वास कमी पडला" बद्दल, कारण मला वाटतं ते वाक्य तुमच्या छातीत रुतून बसलंय. बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक काढा. त्याची मुलंबाळं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोडं आली, मग तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत, आणि माझ्या मते त्या सगळ्या पुस्तकात त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेवढंच. नंतर तोंड उघडलं आणि सुरू झाले की तुझंच काहीतरी चुकलं असणार. शेवटी देव कुणावर रागावतो? ईयोबावर नाही, ज्याने पानंच्या पानं देवाशी भांडण केलं त्याच्यावर नाही, तर या मित्रांवर, की तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत. योहानाच्या नवव्या अध्यायातही तेच, जन्मापासून आंधळ्या माणसाकडे बघून शिष्य विचारतात पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी, आणि येशू म्हणतो यानेही नाही आणि त्यांनीही नाही. ताई, तुमच्या मिस्टरांची किडनी आजाराने गेली. तुमच्या प्रार्थनेत काही खोट नव्हती.

आणि रडू नका म्हणतात ना, त्यांना लाजराच्या घरी घेऊन जा. लाजर जाऊन चार दिवस झाले होते. मार्था आणि मरिया या त्याच्या बहिणी, दोघीही येशूला वेगवेगळं भेटून एकच तक्रार करतात, की प्रभू, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. बघा, हे तुमचंच वाक्य आहे. येशू त्यांना गप्प करत नाही, अविश्वासी म्हणत नाही. थोड्या वेळाने आपण लाजराला कबरेतून बाहेर बोलावणार हे त्याला माहीत आहे, तरी तो रडतो. पुनरुत्थानावर विश्वास असला की रडायचं नसतं असं असतं तर सगळ्यात आधी त्याने डोळे पुसले असते.

राग पाप आहे का, तर स्तोत्रसंहिता उघडा. दीडशे स्तोत्रांत कितीतरी अशीच आहेत, परमेश्वरा किती वेळ, तू मला विसरलास का, तोंड का लपवतोस. बहुतेकांचा शेवट आशेवर होतो पण 88वं बघा, ते अंधार म्हणून संपतं, पुढं काहीच नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय. वधस्तंभावर प्रभूच्या तोंडात जे आलं, माझ्या देवा माझ्या देवा तू माझा त्याग का केलास, ती 22व्या स्तोत्राचीच पहिली ओळ आहे. स्वतःचे शब्द सुचत नाहीत तर या स्तोत्रांचे उसने घ्या, मोठ्याने वाचा, ओरडून वाचा. रागाने का होईना पण तुम्ही त्याच्याशीच बोलताय ना.

शांती कधी मिळेल याची तारीख मला देता येणार नाही, पण माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते. माझा थोरला मुलगा 22 वर्षांचा असताना मोटरसायकलवरून गेला तो परत आला नाही. त्यानंतर जवळजवळ वर्षभर मला प्रार्थना करता आली नाही, पाळकांच्या घरात राहून, विचार करा. माझ्या सासूबाई रोज सकाळी स्वयंपाकघरात लसूण सोलत सोलत "हे आमच्या स्वर्गातील पित्या" मोठ्याने म्हणायच्या, मला कधी म्हणाल्या नाहीत की तू पण म्हण. मी नुसती ऐकायचे. मग एक दिवस रोजच्या भाकरीच्या ओळीला माझा आवाज त्यांच्यात मिसळला, तेवढ्याच ओळीला, बाकीचं नाही. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणायला मला अजून दीड वर्ष लागलं. पण त्या भाकरीच्या ओळीत मला काहीतरी सापडलं, ती ओळ आजची भाकर मागते, महिन्याचं राशन नाही. मी तशीच आजची शांती मागायला लागले. आज दुपारपर्यंत. कधी कधी फक्त कपडे धुऊन होईपर्यंत. आणि तेवढी मिळायची, खरंच मिळायची, संध्याकाळी संपायची आणि सकाळी परत मागावी लागायची. दुःख गेलं नाही ताई, अजून त्याच्या वाढदिवसाला माझा घास उतरत नाही, पण दुःखाच्या खाली पाय टेकायला जमीन आहे असं वाटतं. प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांस पत्रात लिहिलंय ना, बुद्धीच्या पलीकडची शांती, ते त्याने बेड्यांत असताना लिहिलंय, आणि आपली शांती देऊन ठेवतो असं येशू शिष्यांना म्हणाला ते पकडून नेण्याच्या आदल्या काही तासांत. म्हणून मला वाटतं ही शांती संकट संपल्यावर मिळणारी नाहीच, ती संकटाच्या मध्येच दिली जाते.

आपल्या पंडिता रमाबाई बघा. तरुणपणी दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा, पदरात लहानगी मनोरमा. पुढे केडगावच्या मुक्ती मिशन या आपल्या आश्रमात शेकडो मुलीबायांना आसरा दिला, त्या कामात आईचा उजवा हात झालेली ती मनोरमासुद्धा 1921 मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाई स्वतः थकलेल्या, कानाने अधू, तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम हातातून सोडलं नाही आणि 1922 च्या एप्रिलमध्ये गेल्या. मी केडगावला जाते तेव्हा हा विचार मनात येतोच की लेक गेल्यावरच्या त्या महिन्यांत त्या सकाळी कशा उठत असतील. तुम्ही त्यांच्यासारखं मोठं काहीतरी करा असं मी म्हणत नाहीये. इतकंच सांगते की या वाटेवरून आपल्या आधी आपल्याच बाया चालून गेल्यात.

मुलीसमोर रडा. तिचाही बाप गेलाय, आणि आई रडत नाही म्हणून तीही उशीत तोंड घालून रडत असेल. एका संध्याकाळी दोघी बसा, मिस्टरांचा एखादा व्हिडिओ असेल तबल्याचा तर तो लावा, बघवला नाही तर बंद करा.

झोप आणि जेवणाचं तुम्ही काहीच लिहिलं नाही, म्हणून विचारते. संदेष्टा एलिया झुडपाखाली पडून "मला मरण दे" म्हणाला तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही, झोपू दिलं, मग दूताने उठवून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं, बोलणं खूप नंतर. झोप आठवड्यानुआठवडे येत नसेल, जगू नये असं वाटत असेल तर डॉक्टरांना दाखवा, किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 नंबरवर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. गोळी घेतली म्हणजे विश्वास सोडला असं कुणी म्हटलं तर सांगा की पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता.

प्रश्न : माझी कंपनीतली नोकरी गेली, वडिलांच्या ऑपरेशनचं कर्ज डोक्यावर, हप्ते थकायला लागलेत, रात्री झोप नाही. एक प्रचारक मोबाईलवर सांगतात की विश्वासाने बीज म्हणून पैसे पाठव, देव शंभरपट देईल आणि मनाला शांती मिळेल. उसने काढून पाठवू का?
– एक तरुण, पुणे

उत्तर : नको रे बाबा, एक रुपयासुद्धा पाठवू नकोस. यशयाच्या 55व्या अध्यायात देव हाक मारतो की ज्यांच्याजवळ पैसा नाही त्यांनी या, मोल न देता घ्या. जी शांती विकत मिळते ती त्याची नाही.

तुझ्या दुःखाला पोटाची बाजू आहे आणि शास्त्राला ती माहीत आहे. याकोबाने स्पष्ट लिहिलंय, भावाला अंगावर वस्त्र नाही, पोटाला अन्न नाही आणि तुम्ही म्हणता सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर खा, आणि देत काहीच नाही, तर काय उपयोग. म्हणून लाजू नकोस, तुझ्या पाळकांना सरळ सांग, बहुतेक मंडळ्यांत गरजूंसाठी थोडाफार निधी असतो. बँकेत जाताना हप्त्यांचे आणि ऑपरेशनचे कागद घेऊन जा, नोकरी गेल्याचं सांग, हप्ता कमी करून मुदत वाढवता येते का विचार, आणि जे ठरेल ते लेखी घे. हे हप्ते आणखी थकायच्या आधी करायचं, वसुलीवाले दारात यायला लागले की बोलणं अवघड होतं. वडिलांनाही खरं सांग, तुझं तोंड बघून त्यांना कळलंच असेल.

सोमवारी बँकेत जा, जाताना सोबत कुणाला तरी घे, आणि तिथं काय म्हणाले ते मला कळव.